गळ्यावर गिटारची मात

रेघोट्यांनी भरलेल्या एका भिंतीला टेकून चार इंग्रज तरुण बसले आहेत आणि त्यांतला एरिक क्लॅप्टन 'बीनो' हे लहान मुलांचं कॉमिक उघडून वाचतो आहे. फोटो काढून घ्यायचा त्याला कंटाळा आला होता, म्हणून मुद्दाम केलेला हा आडमुठेपणा थेट रेकॉर्डच्या वेष्टनावर गेला. डेक्का कंपनीने २२ जुलै १९६६ रोजी ब्रिटनमध्ये बाजारात आणलेल्या या रेकॉर्डचं खरं नाव 'ब्लूज ब्रेकर्स – जॉन मायल विथ एरिक क्लॅप्टन'. गिटारवाल्यांच्या जगात मात्र तिला 'बीनो अल्बम' याच नावाने ओळखतात.

ब्लूज रॉकचा पाया कुणी घातला यावरून रसिक हमरीतुमरीवर येतात. अमेरिकेत पॉल बटरफील्ड ब्लूज बँडचा पहिला अल्बम १९६५ मध्येच आला होता आणि त्यातली माइक ब्लूमफील्डची गिटार कुणाला हार जाणारी नव्हती. तरीही या संगीतप्रकाराचे सगळे गुण आणि सगळे दोष एकाच रेकॉर्डवर बघायचे असतील, तर मी हीच निवडेन. ती थोर आहे, पण सलग थोर नाही. तिच्यावरच्या बारा गाण्यांपैकी पाच-सहा अशी आहेत की त्यांनी इलेक्ट्रिक गिटारचा आवाज कायमचा बदलून टाकला. उरलेल्यांतली काही बरी, काही भरतीची आणि एक तर चक्क कंटाळवाणं. गंमत अशी, की तिचं बळ आणि तिचा लंगडेपणा दोन्ही एकाच कारणातून आले आहेत. इथे गिटार गाते आणि गायक मागे पडतो.

जॉन मायल मँचेस्टरच्या परिसरात वाढलेला. वडील हौशी गिटारवादक आणि जॅझचे शौकीन, त्यामुळे घरातल्या रेकॉर्डींवर कान लहानपणीच तयार झालेला. कोरियात लष्करी सेवा आणि मँचेस्टरला चित्रकलेचं शिक्षण झाल्यावर, लंडनमधल्या ब्लूजचा आद्य प्रचारक अलेक्सिस कॉर्नर याच्या सांगण्यावरून तो १९६३ मध्ये राजधानीत आला. अल्बम निघाला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता, म्हणजे त्या काळच्या पॉप संगीताच्या हिशेबाने काकाच. क्लॅप्टन २१ वर्षांचा, बास वाजवणारा जॉन मॅकव्ही २० वर्षांचा. ड्रमवर ह्यूई फ्लिंट. मायलचा खरा गुण गाण्यापेक्षा माणसं पारखण्यात होता. एखाद्या जुन्या तालीममास्तरासारखा तो मुलं हेरायचा, त्यांना घडवायचा आणि ती मोठी होऊन निघून गेली की नव्या मुलांच्या शोधाला लागायचा.

क्लॅप्टन त्याच्याकडे आला तो रुसून. यार्डबर्ड्स या बँडने 'फॉर युअर लव्ह' हे तद्दन पॉप गाणं केलं, ते गाजणार हेही दिसत होतं, आणि नेमकं त्याच वेळी, मार्च १९६५ मध्ये, क्लॅप्टनने बँड सोडला. एप्रिलमध्ये मायलने त्याला आपल्याकडे घेतलं. क्लॅप्टन काही काळ मायलच्या घरीच राहिला आणि घरातला ब्लूजच्या रेकॉर्डींचा प्रचंड साठा त्याने कानात साठवला. मधेच उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर ग्रीसला पळाला, नोव्हेंबरमध्ये परत आला आणि मायलने त्याला काही झालंच नाही अशा थाटात परत घेतलं. लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या भिंतीवर 'क्लॅप्टन हाच देव' असं कुणीतरी रंगवलं ते याच दिवसांत.

आता ज्या चौकटीत हे सगळं चाललं तिच्याबद्दल. ब्लूजची बांधणी साधी असते. चार-चार मात्रांचे बारा बार, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार बार षड्जाच्या आधाराने, पुढचे दोन मध्यमाच्या, मग दोन पुन्हा षड्जाच्या. नवव्या बारला पंचम, दहाव्याला मध्यम आणि शेवटी परत षड्जावर मुक्काम. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावतो. प्रत्येक ओळीला चार बारांची जागा असते, पण शब्द त्याआधीच संपतात. उरलेली जागा वाद्याची. तिथे गिटार किंवा हार्मोनिका गायकाला उत्तर देते. या सवाल-जवाबात ब्लूजची निम्मी गोडी आहे. बाकीची निम्मी स्वरांत. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे घोटाळणारा जो स्वर ब्लूजचा प्राण मानला जातो, तो पियानोच्या पट्ट्यांवर सापडत नाही. तो गळ्यातून निघतो, किंवा गिटारची तार पडद्यावर आडवी खेचून काढावा लागतो. सतारीची मींड ज्यांच्या कानात आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अडचण एकच होती. गिटारचा स्वर छेडल्यापासून विझायलाच लागतो. गायक एखाद्या स्वरावर थांबून त्याला कुरवाळू शकतो, गिटारला ती सवलत नाही. बीनो अल्बमवर क्लॅप्टनने ही सवलत मिळवली, आणि ती मिळवण्यात त्याच्या बोटांइतकाच दोन यंत्रांचा वाटा होता.

पहिलं यंत्र म्हणजे गिब्सन कंपनीची लेस पॉल गिटार. अमेरिकन गायक-गिटारवादक फ्रेडी किंग याच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याच्या हातात लेस पॉल पाहून क्लॅप्टनने तशीच गिटार लंडनमध्ये शोधून घेतली. जाड लाकडाची, वजनदार. ज्या सनबर्स्ट रंगाची गिटार त्याला मिळाली, ती गिब्सनने १९५८ ते १९६० एवढीच वर्षं काढली आणि विकली जात नाही म्हणून बंद केली. तिच्यात 'हम्बकर' प्रकारचे पिकअप होते. गिब्सनच्या सेथ लव्हर या अभियंत्याने १९५० च्या दशकात तयार केलेल्या या पिकअपमध्ये दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असतात. त्यामुळे विजेच्या तारांतून येणारी घूं-घूं परस्पर कटते आणि तारेचा आवाज मात्र अधिक जोरकस, अधिक भरीव होऊन बाहेर पडतो. कीथ रिचर्ड्सने अशी गिटार क्लॅप्टनच्या आधीच मंचावर आणली होती. म्हणजे शोध काही क्लॅप्टनचा नव्हता.

दुसरं यंत्र मार्शलचा अ‍ॅम्प्लिफायर. जिम मार्शल हा मुळात ड्रम शिकवणारा. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये त्याचं वाद्यांचं दुकान होतं. अमेरिकेतून येणारे फेंडर कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर महाग पडत, म्हणून त्याने आपल्या तंत्रज्ञांकडून फेंडरच्या 'बासमन'च्या नकलेवर इंग्रजी भाग वापरून स्वतःचं मॉडेल बनवून घेतलं. नक्कल हुबेहूब झाली नाही हे संगीताचं भाग्य. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीबाहेरचा सिग्नल दिला की लहरींचे शेंडे दबून सपाट होतात. त्यातून मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर जन्मतात आणि आवाज जाड, जरा खरबरीत होतो. शिवाय मोठ्या आणि लहान आवाजातला फरक कमी झाल्यामुळे स्वर विझतोय हे कानाला उशिरा कळतं. त्यातून अ‍ॅम्प्लिफायर खूप मोठ्याने सोडला तर स्पीकरची कंपनं गिटारच्या तारेलाच पुन्हा हलवतात आणि स्वर रेंगाळत राहतो. अभियंत्यांच्या पुस्तकात हा सगळा बिघाड. क्लॅप्टनला हवा होता तो नेमका हाच.

रेकॉर्डिंग वेस्ट हॅम्पस्टेडच्या डेक्का स्टुडिओत झालं. (१९६२ च्या पहिल्याच दिवशी बीटल्सनी इथेच चाचणी दिली होती आणि डेक्काने त्यांना नकार दिला होता. या इमारतीच्या नशिबी दोन्ही लिहिलेलं होतं.) निर्माता माइक व्हर्नन स्वतः ब्लूजवेडा. ध्वनिमुद्रक गस डजन. हाच पुढे एल्टन जॉनच्या गाजलेल्या अल्बमांचा निर्माता झाला. स्टुडिओची रीत अशी की अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज बेताचा ठेवायचा आणि मायक्रोफोन त्याच्या तोंडाशी लावायचा. क्लॅप्टनने दोन्ही गोष्टींना नकार दिला. क्लबमध्ये वाजवतो तेवढ्याच आवाजात वाजवणार आणि माइक अ‍ॅम्प्लिफायरच्या फार जवळ येऊ देणार नाही, हा त्याचा हट्ट. २१ वर्षांच्या पोराचा हा हेका व्हर्ननने चालू दिला. अल्बमच्या यशातला त्याचा सर्वांत मोठा हिस्सा हाच, असं मी म्हणेन.

याचं फळ पहिल्याच गाण्यात ऐकू येतं. 'ऑल युअर लव्ह' हे शिकागोच्या ओटिस रश याचं १९५८ चं गाणं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये रुंबाच्या अंगाने जाणारी अस्वस्थ लय आहे आणि मधेच ती मोडून गाणं झुलत्या शफलमध्ये शिरतं. मायलच्या मंडळींनी हा आराखडा जसाच्या तसा उचलला. पण लय मोडते त्या जागी क्लॅप्टनचा जो स्वर येतो, तसा आवाज तोवर ब्रिटनमध्ये कुणी रेकॉर्डवर ऐकला नव्हता. 'हाइडअवे' हे फ्रेडी किंगचं वाद्यसंगीत. शिकागोतल्या मेल्स हाइडअवे लाउंज या बारवरून त्याला नाव मिळालं. किंग ते स्वच्छ, टोकदार आवाजात, मिस्किलपणे वाजवतो. क्लॅप्टनच्या हातात तीच धून दांडगी होते. मिस्किलपणा कमी होतो हे खरं, पण रग वाढते. 'स्टेपिंग आउट'मध्ये, मेम्फिस स्लिम या पियानोवादकाच्या चीजेत, तो आणखी मोकाट सुटतो.

आणि 'हॅव यू हर्ड'. मायलने रचलेला हा संथ ब्लूज अल्बमचं शिखर आहे. सुरुवात अ‍ॅलन स्किडमोरच्या सॅक्सोफोनने होते, मायल आपली कैफियत मांडतो, आणि मग गिटार येते. इथे क्लॅप्टन एका स्वराला हात घालतो आणि तो सोडतच नाही. तार खेचून स्वर वर नेतो, तिथे कंप देतो, सोडतो, पुन्हा पकडतो. वाक्यं आखूड आहेत आणि त्यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा आहे. पुढे शेकडो गिटारवाद्यांनी हा आवाज उचलला. ही जागा उचलायला ते विसरले.

आता दुसरी बाजू. मायलचा आवाज पातळ, उंच पट्टीतला आणि थोडा नाकातला. तो प्रामाणिक आहे, सुरातही आहे, पण भरदार नाही. 'ऑल युअर लव्ह' ओटिस रशच्या तोंडून ऐकावं. तो माणूस गाताना आपलं काहीतरी पणाला लावतो आहे हे दोन ओळींत कळतं. मायल तेच शब्द म्हणतो तेव्हा त्याचं त्या गाण्यावर किती प्रेम आहे एवढंच कळतं. प्रेम खरं आहे, पण गाण्याला त्याहून जास्त काही हवं असतं. त्यामुळे ज्या सवाल-जवाबावर ब्लूज उभा असतो त्यात तोल जातो. सवाल दुबळा आणि जवाब मात्र गरजून येतो. ऐकणारा नकळत गायक संपण्याची आणि गिटार सुरू होण्याची वाट बघू लागतो. कुठल्याही गाण्यासाठी ही वाईटच खूण.

मायलच्या स्वतःच्या रचनांत चाली ठाकठीक आहेत, शब्द सपाट. 'लिटल गर्ल' आणि 'की टू लव्ह' यांत प्रेमाबद्दल असं काही नाही जे त्याआधी शंभर गाण्यांत येऊन गेलं नव्हतं. 'डबल क्रॉसिंग टाइम'ला निदान खरा राग आहे. जॅक ब्रूस हा बासवादक मायलला सोडून जास्त कमाईच्या मॅनफ्रेड मॅन या बँडकडे गेला, त्याच्यावरचा हा टोला. क्लॅप्टन आणि मायल दोघांनी मिळून रचलेलं हे गाणं. त्याच ब्रूसबरोबर क्लॅप्टन काही महिन्यांत क्रीम हा नवा बँड काढणार होता.

'पार्चमन फार्म'बद्दल माझं मन कधीच स्वच्छ झालं नाही. पार्चमन म्हणजे मिसिसिपी राज्याचा कुप्रसिद्ध तुरुंग. तिथे प्रामुख्याने कृष्णवर्णीय कैद्यांकडून कापसाच्या शेतावर गुलामीच्या काळासारखीच मजुरी करून घेतली जाई. मोझ अ‍ॅलिसन या मिसिसिपीच्याच गोऱ्या पियानोवादकाने त्यावर केलेलं गाणं कोरड्या, तिरकस विनोदाचं आहे. मायल ते आगगाडीच्या वेगाने पळवतो आणि हार्मोनिकाचा खेळ करून दाखवतो. खेळ चांगला आहे. पण तुरुंग कुठे गेला ते कळत नाही.

आणि ते चक्क कंटाळवाणं गाणं म्हणजे 'व्हॉट'ड आय से'. रे चार्ल्सच्या १९५९ च्या गाण्याला चर्चच्या प्रार्थनेतला उन्माद होता. इथे तो उन्माद नाही, आणि त्याची भरपाई म्हणून ह्यूई फ्लिंटचं एकट्याचं ड्रमवादन घातलं आहे. क्लबमध्ये रात्री अकराला, हातात ग्लास असताना, असं वादन चालून जातं. रेकॉर्डवर ते संपायची वाट बघावी लागते. फ्लिंट साथीला उत्तम वादक होता, त्याला नको तिथे पुढे ढकललं. शेवटी बँड बीटल्सच्या 'डे ट्रिपर'ची धून छेडतो, तेवढा एक गमतीचा क्षण. बाकी काही नाही.

गाण्याच्या बाबतीत एक अपवाद आहे आणि तोही अर्धामुर्धा. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत ध्वनिमुद्रित केलेलं 'रॅम्ब्लिंग ऑन माय माइंड' क्लॅप्टन स्वतः गातो. प्रमुख गायक म्हणून रेकॉर्डवरचं त्याचं हे पहिलंच गाणं. आवाज बुजरा, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. तांत्रिकदृष्ट्या तो मायलपेक्षा कच्चाच, पण त्या बुजरेपणाला गाण्यात जागा आहे. इथे त्याची गिटारही आवाजाच्या पुढे धावत नाही. मायलचा पियानो आणि ही दबकी गिटार यांच्या मधोमध गळा उभा राहतो. अख्ख्या अल्बमवर तोल साधला तो या एका जागी.

बहुतेक समीक्षक मायलच्या गायनाला एखादा टोमणा मारून पुढे जातात. मला तो दोष त्याहून खोल वाटतो, कारण पुढच्या पिढीने तो दोषच वारसा म्हणून घेतला. शिकागोच्या ब्लूजमध्ये मडी वॉटर्स किंवा हाउलिंग वुल्फ यांचा गळा हा राजा होता आणि गिटार त्याच्या दरबारात. लंडनच्या पोरांकडे तो गळा नव्हता, येणारही नव्हता. त्यांच्याकडे बोटं होती, वीज होती आणि मार्शलचं दुकान होतं. म्हणून त्यांनी गळ्याचं काम गिटारवर सोपवलं. क्रीम, जेफ बेक, लेड झेपेलिन यांच्यापासून ते पुढच्या दशकांतल्या जड रॉकपर्यंत लांबच लांब गिटारवादनाचा जो पूर आला, त्याचा उगम या मजबुरीत आहे. त्यातून काही अजोड संगीत निर्माण झालं आणि पुष्कळ कंटाळवाणंही.

या यशाची वाटणी कशी झाली तेही बघायला हवं. अल्बम ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला. ओटिस रशचं नाव वेष्टनावर बारीक अक्षरांत, आणि त्याची स्वतःची कारकीर्द मात्र रेकॉर्ड कंपन्यांच्या कारभारात अडकलेली. त्याने १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित केलेला 'राइट प्लेस, राँग टाइम' हा अप्रतिम अल्बम कॅपिटॉल कंपनीने काढलाच नाही. तो १९७६ मध्ये एका छोट्या कंपनीने बाजारात आणला. फ्रेडी किंगला थोडा न्याय मिळाला. माइक व्हर्ननने त्याचा 'बर्गलर' हा १९७४ चा अल्बम तयार केला, त्यात क्लॅप्टनही वाजवायला आला. किंग दोनच वर्षांनी, ४२ व्या वर्षी गेला. त्याच १९७६ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून नशेत असलेल्या क्लॅप्टनने स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली आणि इनॉक पॉवेल या राजकारण्याची तळी उचलली. 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ त्यावरच्या संतापातून उभी राहिली. पुढे क्लॅप्टनने आपल्याला त्याची शरम वाटते असं सांगितलं. पण ज्याचं सगळं संगीत कृष्णवर्णीय कलावंतांकडून आलं, त्याच्या तोंडून ते शब्द निघाले, ही नोंद पुसता येत नाही.

अल्बम दुकानांत पोचला तोवर क्लॅप्टन मायलला सोडून गेला होता. जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांच्याबरोबर त्याने क्रीम उभा केला, आणि क्रीमच्या सुरुवातीच्या सरावाच्या दिवसांतच ती लेस पॉल चोरीला गेली. आजतागायत तिचा उघड ठावठिकाणा नाही. तिच्यासारख्या जुन्या गिटारींची मागणी मात्र इतकी वाढली, की गिब्सनला १९६८ मध्ये लेस पॉल पुन्हा काढायला घ्यावी लागली. आज सनबर्स्ट रंगाच्या त्या मूळ गिटारी लाखो डॉलरना विकल्या जातात. मायलने क्लॅप्टनच्या जागी पीटर ग्रीनला आणलं, ग्रीनने बाहेर पडून फ्लीटवुड मॅक हा बँड काढला आणि मॅकव्हीही पुढे तिथेच गेला, ग्रीनच्या जागी मिक टेलर आला आणि तो रोलिंग स्टोन्सकडे गेला. मायल वाजवत राहिला. २२ जुलै २०२४ रोजी, अल्बमला बरोबर ५८ वर्षं झाली त्या दिवशी, कॅलिफोर्नियात वयाच्या ९० व्या वर्षी त्याचं निधन झालं.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर मोनो आवृत्ती मिळवा. १९६६ मध्ये लोकांनी तीच ऐकली आणि तिच्यात गिटार, बास, ड्रम एका ढिगाऱ्यासारखे अंगावर येतात. आधी ओटिस रशचं मूळ 'ऑल युअर लव्ह' ऐका, मग हे. नंतर 'हाइडअवे', 'हॅव यू हर्ड', 'रॅम्ब्लिंग ऑन माय माइंड' आणि 'स्टेपिंग आउट'. वेळ असेल तर बाकीची. 'व्हॉट'ड आय से' खुशाल वगळा.